पाच टिंबांची भाकरी

तिमझरीन
११ जानेवारी २०२५

आदरणीय लल्ला झहूर यांना सलाम,

तुम्ही मला ओळखणार नाही. पण मराकेशच्या लग्नात तुमच्या निळ्या काफ्तानवर बदामाचं दूध सांडणारी एक आगाऊ मुलगी आठवत असेल, तर ती मीच. सिहाम. तुमची चुलत बहीण मलूदा, तिची धाकटी. काफ्तानबद्दलची माफी उशिरा का होईना, आज मागून टाकते.

मी गेल्या वर्षापासून इथे डोंगरात शिक्षिका आहे. गावातली शाळा भूकंपात गेली, ते तुम्हाला बातम्यांतून माहीत असेलच. आता आमची शाळा म्हणजे एक पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तवा, आणि सध्या बर्फाची पेटी. तीन इयत्ता एकाच खोलीत, त्यामुळे मी एकाच फळ्याचे रेघा मारून तीन भाग करते. फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. आमचा हम्मू व्हॅन घेऊन बाजाराच्या दिवशी अगादीरला येतो, तो ते तुमच्या दारात टाकेल.

मुद्द्यावर येते. मदतीच्या खोक्यांतून आम्हाला पुस्तकं आली. बहुतेक दाताच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या अस्वलांची. त्यांच्या तळाशी तुमचं ‘नुझाची सकाळ’ सापडलं, अगादीरच्या १९६० सालच्या भूकंपाचं चित्रपुस्तक. मुखपृष्ठावर तुमचं नाव बघून मी उडालेच. आईला विचारलं तर म्हणाली, “हो, झहूर चित्रं काढते ना.” एवढंच. आमच्या घरात तुमच्याबद्दल एवढंच बोलतात.

मला शिक्षिकेच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की ज्या मुलांवर संकट कोसळलं त्यांना थेट त्याबद्दल विचारू नका. त्यांना दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या गावातल्या संकटाची चित्रं दाखवा. मूल दुसऱ्याच्या घराबद्दल बोलता बोलता आपल्या घराशी येतं. मला ते पुस्तकी वाटलं होतं. पण तुमचं पहिलंच चित्र दाखवलं, जुन्या अगादीरची ती गच्ची, वाळत घातलेले कपडे, कबुतरं, आणि वर्षभर मूग गिळून बसलेला इस्माईल सुरू झाला. त्याच्या गोठ्यातल्या शेळ्यांची नावं त्यानं एकेक करून सांगितली. कोणती खोडकर, कोणती लंगडी. शेवटी म्हणाला, “आता एकही नाही.” मग सगळेच बोलायला लागले. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुमच्या हाताचं चुंबन घेतलं. खरंच, लल्ला, फार उपकार झाले.

पण गाडं पाचव्या पानावर अडलंय. काळं पान, कोसळलेलं घर, आणि ढिगातून दिसणारा नुझाचा एक हात. ते पान आलं की तूदा नावाची मुलगी उठते, पुस्तक मिटते आणि त्याच्यावर बसते. शब्दशः बसते.

“तूदा, ऊठ.”

“नाही.”

“का गं?”

“थंडी वाजते. पुस्तक गरम आहे.”

सगळी पोरं हसतात, ती हसत नाही. तूदा नऊ वर्षांची आहे. तिची आई त्या रात्री घरातून बाहेर आलीच नाही. वडील अगादीरला टोमॅटोच्या बागेत कामाला, ती आजीपाशी असते. आईबद्दल तिनं आजवर अवाक्षर काढलेलं नाही, रडलीही नाही म्हणतात. काय करू? तुम्ही पुस्तक लिहिलंत, तुम्हीच सांगा.

तुमची नम्र,
सिहाम


अगादीर
२१ जानेवारी २०२५

सिहाम पोरी,

पहिली गोष्ट, मला लल्ला म्हणू नकोस. दवाखान्यातली नर्स सुई टोचायच्या आधी मला लल्ला म्हणते. तुझ्या आईची मी बहीण, तेव्हा मावशी म्हण. दुसरी गोष्ट, काफ्तानवरचा डाग अजून आहे. मी तो बाजूला घडी घालून लपवते आणि प्रत्येक लग्नात कुणाला तरी दोष देते. आता नाव कळलं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा मांजराला मोठ्यानं. ते पुस्तक छापलं तेव्हा वाटलं होतं, कुठल्या तरी कपाटात पिवळं पडत राहील. इथल्या शाळांनी ते नको म्हटलं होतं. मुलांना घाबरवायचं कशाला, असं म्हणाले. आणि तुझा तो शेळीवाला इस्माईल! त्याला माझा सलाम सांग. लंगड्या शेळीचं नाव मात्र लिहायला विसरलीस, ते कळव.

नुझाबद्दल म्हणशील तर ती ऐकीव गोष्ट आहे. जुन्या तलबोर्जा वस्तीतली एक मुलगी होती, असं लोक सांगायचे, मी चित्रं काढली. तिच्याबद्दल मला जास्त विचारू नकोस, मला माहीत नाही.

तूदाचं म्हणशील तर जबरदस्ती करू नकोस. ज्याला बघायचं नाही त्याला बाहेर अंगणात खेळू दे. बाकीच्यांना गोष्ट पुरी करायचा हक्क आहे. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, एका मुलासाठी सगळा वर्ग थांबवला तर वर्ग त्या मुलाचा राग राग करतो.

आणि शेवटच्या पानापर्यंत पोचलात की मला एक सांग. तिथे नुझाच्या हातात भाकरी आहे. मुलं त्या भाकरीबद्दल काही बोलली तर जसंच्या तसं लिही. सहज विचारते आहे.

अंडी खात जा, डोंगरात थंडी असते.

झहूर मावशी


तिमझरीन
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

लंगड्या शेळीचं नाव राणी होतं. इस्माईलनं तुमचा सलाम मान झुकवून स्वीकारला आणि दिवसभर ताठ मानेनं फिरला.

पण तुमचा दुसरा सल्ला माझ्या अंगाशी आला. तुमच्यावर राग नाही, मीच घाई केली. वाचनाच्या तासाला मी तूदाला म्हटलं, “तू बाहेर खेळ, आम्ही गोष्ट पुरी करतो.” ती उठली, शांतपणे माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कोटाच्या आत घातलं आणि चालती झाली. मला वाटलं अंगणात असेल. ती घरीच गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वर गावात बोभाटा झाला की मास्तरीणबाईंनी पोरीला वर्गाबाहेर काढलं.

लहसन नावाचे एक पालक आहेत, शाळा समितीचे. ते दारातच उभे राहिले. “बाई, आमच्या पोरांना पडकी घरं बघायची कमतरता आहे का? खिडकीतून बघतातच की. त्यांना बेरीज शिकवा.” मी म्हटलं, “बेरीज शिकवतेच.” ते म्हणाले, “मग ते पुस्तक परत पाठवा.” मी म्हटलं, “परत पाठवायला पुस्तक माझ्याकडे आहे कुठे?” यावर त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं.

काल संध्याकाळी तूदाच्या घरी गेले. घर म्हणजे पत्र्याची शेडच, पण सारवलेली, लख्ख. तिची आजी यामना चहा करत होती. तिनं मला नुसत्या नजरेनं बसवलं आणि नजरेनंच ऐकवलं. मग म्हणाली, “पोरगी शाळेत येणार नाही म्हणते. मी ओढून पाठवणार नाही. मला इथे तेवढीच आहे.” तूदा कोपऱ्यात, मांडीखाली पुस्तक.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, “तूदा, मी चुकले. तुला बाहेर पाठवायला नको होतं. तुला त्या चित्राची भीती वाटते, हे मला समजायला हवं होतं.”

ती म्हणाली, “भीती नाही वाटत. मी पुष्कळ पडकी घरं बघितलीत.”

“मग?”

ती पुस्तकावर आणखी सरकून बसली आणि म्हणाली, “पुढचं पान उघडलं की ती मरणार. मिटलेलं असलं की नाही मरत.”

मावशी, मी इतके दिवस त्या पोरीला भित्री समजत होते आणि ती मांडीखाली नुझाचा जीव राखून बसली होती. मी म्हटलं, “नुझा मरत नाही, शेवटच्या पानावर ती भाकरी खाते.” तर म्हणते, “ते तुम्ही सांगणारच. मलाही सगळ्यांनी आई दवाखान्यात आहे असंच सांगितलं होतं.”

ती परत आली नाही तर हे वर्ष तर जाईलच, पण मला वाटतं शाळा कायमची सुटेल. इथे सुटलेल्या मुली परत येत नाहीत. त्या नुझाचं पुढे काय झालं, कुणाला माहीत असेल असं कुणी हयात आहे का? ऐकीव का होईना, काही तरी लिहा.

सिहाम


अगादीर
१२ फेब्रुवारी २०२५

सिहाम,

ऐकीव नाही. नुझा मीच.

इतकं लिहायला मला मधले दोन दिवस लागले. आता बाकीचं भराभर लिहिते. मी सात वर्षांची होते, रमजानचा तिसरा दिवस होता. आई, आजी आणि माझा तान्हा भाऊ गेले. मला कुणी तरी बाहेर काढलं. मग शहराबाहेर इनेझगानच्या छावणीत राहिले आणि नंतर तुझ्या आजोळच्या लोकांनी मला आपली म्हणून वाढवलं. ते याबद्दल बोलले नाहीत, कारण मी बोलू दिलं नाही. लोकांना कळलं की ते लगेच विचारतात, कोण कोण गेलं? मग मला पुन्हा नावं घ्यावी लागतात. म्हणून पुस्तकात मुलीचं नाव बदललं आणि सगळ्यांना ऐकीव गोष्ट म्हणून सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीसमोर हे सोंग टिकलं नाही, बरंच झालं.

भाकरीचंही सांगून टाकते. छावणीत एका बाईनं माझ्या हातात भाकरी ठेवली आणि पुढे गेली. मला तिची फक्त पाठ दिसली, म्हणून चित्रातही पाठच आहे. भाकरीवर खूण होती, पाच टिंबं, पाचवं जरा रांगेबाहेर. तुला माहीतच आहे, शहरात कच्च्या भाकऱ्या गल्लीतल्या सामाईक भट्टीवर भाजायला पाठवताना प्रत्येक घर त्यांवर आपापली खूण करायचं. आमच्या आईची खूण काट्यानं काढलेली फुली होती. मी विचार केला, पाच टिंबं म्हणजे त्या बाईच्या घरची खूण. मोठी झाले, परत इथे आले, आणि पुढे कित्येक वर्षं मी भट्ट्यांवर जाऊन उभी राहायचे. पोरी डोक्यावर फळ्या घेऊन यायच्या, मी भाकऱ्या बघायचे. भट्टीवाले मला वेडी समजायचे. ती खूण कधी दिसली नाही. आता भट्ट्याही बंद पडल्या. त्या बाईला एकदा बघून ‘अल्लाह तुझं भलं करो’ एवढं म्हणायचं होतं, ते राहून गेलं.

सोबत तूदासाठी चिठ्ठी आणि माझा फोटो आहे. फोटो काल काढला. शेजारच्या पोरानं, म्हणून अर्धं डोकं कापलंय.

झहूर मावशी

(तूदासाठी)

तूदा,

तू माझ्यावर बसून राहिलीस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. इतकी वर्षं कुणी माझी एवढी काळजी केली नाही. पण आता ऊठ. मी मेले नाही. मी म्हातारी झाले आहे. माझे गुडघे दुखतात, मी मांजराशी भांडते आणि मला तिळाची मिठाई खायची बंदी आहे, तरी खाते. मेलेली माणसं हे करत नाहीत.

सगळी बाहेर आली नाहीत, हे खरं आहे. माझी आई आली नाही. हे मी तुला खोटं सांगणार नाही आणि तूही मला सांगू नकोस. पण मी आले. उरलेली पानं उघड आणि बघ.

नुझा (खरं नाव झहूर)


तिमझरीन
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

कुठून सुरुवात करू? बसा, चहा ओतून घ्या.

तुमची चिठ्ठी मी तूदाच्या हातात दिली. तिनं ती शेडच्या मागे नेऊन वाचली. फोटो उजेडात धरून बघितला, मग त्यातला तुमचा हात बघितला, मग पुस्तकातला हात. यामना आजी म्हणाली, “काय गं?” तूदा म्हणाली, “अंगठा तोच आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी ती पत्र्याच्या दारात पुस्तक घेऊन उभी. मी किल्ली लावली. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

वाचायला तीच उभी राहिली. आधी तिनं तुमचा फोटो फिरवला. इस्माईलनं हरकत घेतली, “नुझा सात वर्षांची आहे. ही तर म्हातारी आहे.”

“सात वर्षांची मुलं म्हातारी होतात, गाढवा.”

“सगळी?”

“जी बाहेर येतात ती,” तूदा म्हणाली. मग पुस्तकाकडे बघत म्हणाली, “माझी आई नाही आली.”

मागच्या बाकावरचा उमर म्हणाला, “माझे काका नाही आले.” मग हनान म्हणाली, “आमचं बाळ.” मावशी, एकामागून एक. मी मध्ये तोंड घातलं नाही, एवढी अक्कल मला आली आहे. लहसन दारात येऊन उभे होते, बेरजेचा हिशोब घ्यायला आले असावेत. त्यांनी टोपी काढली आणि दाराशीच उकिडवे बसले. तूदा रडली. मग नाक पुसून तिनं स्वतःच्या हातानं पाचवं पान उलटलं.

आता भाकरी. शेवटचं पान आलं आणि मी तुमच्या टिंबांबद्दल बोलणार, तेवढ्यात तूदा म्हणाली, “ही तर दुःखाची भाकरी.” बाकीच्यांनी पण माना डोलावल्या, जणू मलाच ठाऊक नाही. हनान म्हणाली, “आमच्याकडे पण आली होती ना, तेव्हा. किल्लीवाली.”

शाळा सुटल्यावर मी पुस्तक घेऊन यामना आजीकडे पळाले. आजीनं चित्र डोळ्यांशी धरलं, मग खिळ्यावरची एक लाकडी किल्ली काढून चित्राशेजारी ठेवली. हातभर लांब, टोकाला पाच खुंट्या, पाचवी वाकडी. गावाच्या सामाईक कोठाराची किल्ली. कोठार भूकंपात गेलं, किल्ली मागे राहिली.

पुढचं आजीच्या शब्दांत देते, माझ्या शब्दांत नको.

“मी तेव्हा नवी नवरी, हातावरची मेंदी गेली नव्हती. आमचे बाप्ये अगादीरला मासळीच्या कारखान्यात. त्यातला एक परत आला, पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा पांढरा. म्हणाला, शहर गेलं, लोक उघड्यावर आहेत. कोठार उघडलं. एरवी ते उघडायचं तर म्हाताऱ्यांची बैठक बसायची, भांडणं व्हायची. त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. घरोघरी चुली पेटल्या. आता आम्ही कशाला भाकरीवर खुणा करू? आमची चूल घरातच, कुणाची भाकरी कुणाच्यात मिसळणार? पण तो म्हणाला, शहरात खूण नसलेली भाकरी बेवारस समजतात. त्यांना वाटेल भीक घातली. हे ऐकून माझी सासू उठली आणि कोठाराची किल्ली घेऊन घरोघर फिरली. धान्य सगळ्यांचं, तर खूण पण सगळ्यांची. खेचरांवरून खाली सडकेपर्यंत आणि तिथून भाजीच्या ट्रकातनं भाकऱ्या गेल्या. तेव्हापासून ज्या घरात दुःख आहे तिथे जाणाऱ्या भाकरीवर आम्ही किल्ली उमटवतो. आमचं घर पडलं तेव्हा माझ्या पोरानं आधी ही किल्ली शोधून दिली. खालच्या गावच्या बायका पीठ मळत होत्या, त्यांना मी म्हटलं, थांबा, अशी नाही द्यायची.”

मी विचारलं, भाकरी देणारी ती पाठमोरी बाई कोण? आजी म्हणाली, “आमच्यातली कुणी गेली नव्हती. कुणी वाटणारी असेल.”

तेव्हा मावशी, तुमच्या बाईचं नाव मला सापडलं नाही, वाईट वाटतं. पण आजीनं तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे. त्या दिवशी मीठ घालायचं काम नव्या नवरीकडे दिलं होतं. रमजान होता, सगळ्यांचे रोजे, चाखता येत नव्हतं. ती म्हणते, “बाईला विचार, मीठ बरोबर होतं का? कमीजास्त असलं तर माफ कर म्हणावं. मला तो घोर आजतागायत आहे.”

सिहाम


अगादीर
९ मार्च २०२५, रमजान

सिहाम पोरी,

तुझं पत्र संध्याकाळी आलं. मी हरीराचं सूप पुढ्यात ठेवून वाचायला घेतलं आणि सूप गार झालं. मांजरानं त्यातला खजूर पळवला तरी मी ओरडले नाही, यावरून समज.

मी हसत होते आणि रडत होते. इतकी वर्षं मी भट्टीशी उभी राहून एका बाईला शोधत होते. शहरात वाढलेलं डोकं! खूण म्हटली की एक घर, एक दार, एक बाई, एवढंच मला सुचलं. एखादं अख्खं गाव एकच खूण करू शकतं, हे माझ्या ध्यानीमनी आलं नाही. पाठीला चेहरा शोधत राहिले आणि चुलीपाशी बसलेल्या इतक्या जणी राहून गेल्या. तू म्हणतेस नाव सापडलं नाही, वाईट वाटतं. अगं, एक नाव शोधत होते, गाव मिळालं. वाईट कसलं वाटून घेतेस?

आज मला आभार मानायचे आहेत आणि हे माझं वाक्य फार वर्षांचं तुंबलेलं आहे, म्हणून सरळ लिहिते. यामना बाईंना वाचून दाखव.

यामना बहिणी, अल्लाह तुमचं आणि तुमच्या सासूबाईंचं भलं करो. त्या दिवशी माझं घर नव्हतं, आई नव्हती. मी बेवारस होते. तुमच्या भाकरीवर खूण होती म्हणून मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरचं खाते आहे. ती भीक नव्हती, हे मला सात वर्षांच्या वयात कळलं होतं. ते तुम्ही ठरवून केलं होतं, हे आत्ता कळलं. आणि तुम्ही उपाशी पोटी, कणभर न चाखता ती भाजली होती.

मिठाचं खरं सांगू? जास्त होतं. जरासंच. मी तेव्हा समजले, माझ्या तोंडातल्या धुळीची चव आहे. नंतर प्रत्येक भाकरीत मी तेवढं मीठ शोधलं आणि प्रत्येक भाकरी मला अळणी लागली. माझा नवरा, अल्लाह त्याला शांती देवो, वैतागायचा, “या बाईला खारटच लागतं.” तेव्हा माफी मागू नका. माझ्या संसाराची चव तुम्ही ठरवलीत.

सिहाम, तुझ्यामुळे हे झालं. पुस्तकं लिहिणारे लिहितात, पण ती कुणी तरी थंडीत पत्र्याच्या खोलीत उघडावी लागतात. तू उघडलंस, तूदानं मिटलं, पुन्हा तिनंच उघडलं. तुम्हा दोघींचं ऋण माझ्यावर आहे.

एक मागणं आहे, म्हातारीचा हट्ट समज. माझे गुडघे तुमचा डोंगर चढू देत नाहीत. ईद झाली की हम्मूच्या व्हॅनमधून मला एक भाकरी पाठव. किल्ली उमटवलेली. एकदा हातात घेऊन बघायची आहे. फडकं मी रिकामं परत पाठवणार नाही.

झहूर मावशी

ता. क. लहसनना सांग, बेरीज महत्त्वाची आहेच.


तिमझरीन
५ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

ईद मुबारक. लहसनना तुमचा निरोप सांगितला. ते म्हणाले, “त्या चुलींपैकी एक माझ्या आईची होती, हे तुमच्या पुस्तकात घाला.” आता दर गुरुवारी वाचनाच्या तासाला ते स्वतः दाराशी येऊन बसतात आणि पोरांपेक्षा जास्त प्रश्न विचारतात. दुसरं पुस्तक मागवा म्हणतात, पुराचं किंवा दुष्काळाचं, पण अस्वलाचं नको.

तुमचं पत्र मी यामना आजीला वाचून दाखवलं. मिठाच्या ओळीवर तिनं तोंडावर ओढणी घेतली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. तिनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, “ऐकलंस का? जास्तच झालं होतं!” जणू बाजारात बोली जिंकली.

तूदा रोज शाळेत येते. पुस्तकावर आता कुणाला बसू देत नाही.

भाकरी हम्मूच्या हाती देते आहे. सकाळचीच आहे. ती आणि तिच्यासोबतची चिठ्ठी तूदाची, मी दोन्हीला हात लावलेला नाही. चिठ्ठी आधी वाचा.

तुमची सिहाम

(तूदाकडून)

झहूर आजी,

भाकरी उलटून बघू नका. किल्ली नाही. मी विसरले नाही. मी किल्ली घेतली होती पण आजीनं हात धरला. ती म्हणाली, किल्ली दुःखाच्या घरी जाते, तिच्या घरात आता दुःख नाही, ती मिठाई चोरून खाते. मग मी पण विचार केला आणि ठेवून दिली. ही साधी भाकरी आहे. आपण रोज खातो ती. अर्गनच्या तेलाबरोबर खा, तेल बाटलीत आहे.

आजी म्हणते, आम्हालाही आता किल्लीची भाकरी नको. कालपासून आमची पण साधी.

पीठ मी मळलं. रमजान संपला म्हणून मीठ चाखून घातलं. मग आजीनं चाखलं आणि अजून चिमूटभर घातलं. म्हणाली, तिला लागतं.

तूदा


अगादीर
८ एप्रिल २०२५

तूदा,

चिठ्ठी आधी वाचायची होती, पण माझा धीर सुटला. फडकं सोडलं, भाकरी उलटली, पालटली, खिडकीत धरली. पाच टिंबं नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले. वाटलं, एवढंसं मागितलं होतं.

मग तुझी चिठ्ठी वाचली.

भाकरी मी तेलाबरोबर खाल्ली. सगळी, एकटीनं. मांजराला दिली नाही. फडक्यात तुझ्यासाठी रंग आणि जाड कागद आहेत. त्यावर तुझ्या आईचं चित्र काढ, चांगलं जमलं नाही तरी काढ. समोरून काढ, पाठमोरं नको. मला पाठव.

आजीला सांग, मीठ बरोबर झालंय.

झहूर